धामणवाडीची खबर

धामणवाडी
२४ जुलै १९८६

व्यंकट,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला लावू नकोस.

तुझ्या पी.ए.चं, गुरुपादप्पाचं, टाईप केलेलं उत्तर मिळालं. ‘आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे.’ अरे बाबा, मी लिहिलं होतं की वानेरी गाय व्याली, गोऱ्हा झालाय, आणि कडब्याची गंजी सरत आली. यावर कसली कार्यवाही करतोस? आणि संबंधित कोण? संबंधित मीच की. तू आमदार झालास तेव्हा गावभर पेढे वाटले मी. आता आपल्या दोघांच्या मधे एक टाईपरायटर येऊन बसलाय, त्याला काय वाटू?

आता मुद्द्याचं. तो माणूस कामून पाठवलास?

शिवमूर्ती म्हणून नाव सांगतो. बैलांचा व्यापारी आहे म्हणतो. या दुष्काळात अर्धं गाव दावणीची जनावरं मातीमोल भावात काढून राहिलंय, आणि हा व्यापारी एका बैलाचे दात बघत नाही. सकाळी येतो, आडाजवळच्या लिंबाखाली बसतो आणि बायांचं बोलणं ऐकत राहतो. अंगावर धोतर-सदरा आणि पायात सरकारी तपकिरी बूट. त्याला निदान चपला तरी घेऊन द्यायच्या होत्यास. पारू त्याला तोंडावर म्हणते, “फौजदार, जरा सरका, घागर लागंल.” आणि तो सरकतो.

पारू कोण ते तुला सांगायची गरज नव्हती. पण लातूरच्या बंगल्यात गेल्यापासून तुला बरंच सांगावं लागतं, म्हणून सांगते. बौद्धवाड्यातल्या दगडोबाची बायको. शाळेत माझ्या शेजारी बसायची. तुला विंचू चावला त्या दिवशी बापू घरी नव्हते, तर तुला पाठीवर घेऊन देवणीच्या दवाखान्यापर्यंत पळत गेली ती पारू. सध्या रोजगार हमीच्या तलावावर बायांच्या टोळीची मुकादम आहे. तोंडाची फटकळ आहे, मान्य. मी काय कमी आहे?

तर त्या माणसाला परत बोलाव. गावात चोर नाही, नक्षलवादी नाही. तहानलेली माणसं आहेत.

दुसरं, टँकरचं. तू टंचाई समितीचा अध्यक्ष, म्हणून तुलाच विचारते. टँकर कधी येणार हे गावाला सांगायचं नाही असा वरून हुकूम आहे म्हणे. सांगितलं की गर्दी होते, भांडणं होतात. मग आता काय होतं? बाया कामाचा दिवस बुडवून आडाजवळ बसतात, कारण कोण जाणे कधी येईल. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, “आक्का, गोपनीय हाय.” रझाकारीत बापूंनी ज्वारी पेवात लपवली होती, ते मी ऐकलंय. पाणी लपवल्याचं आपल्या घराण्यात पहिल्यांदा ऐकलं.

नवा जिल्हा झाला तेव्हा तू भाषणात म्हणाला होतास, आता सरकार दाराशी आलं. आलं खरं. दाराशी बसून कान लावून ऐकतंय.

तुझे भाऊजी गेल्यावर तूच मला मुखेडहून माहेरी आणलंस. म्हणालास, “आक्का, घर तू सांभाळ, मी जिल्हा सांभाळतो.” माझ्याकडचं घर नीट आहे. येऊन बघ एकदा. पंचमीला गावच्या समद्या लेकी माहेरी येतात, गावचा लेक तेवढा येत नाही.

आक्का

•

धामणवाडी
११ ऑगस्ट १९८६

प्रिय व्यंकट,

बघ, आज नुसतं व्यंकट नाही, प्रिय लिहिलंय. गुरुपादप्पानं पाकीट आधी फोडलं असलं तर त्यानं लाजू नये, वाचावं.

पंचमीला आलास. खरं सांगते, जीप दारात थांबली तेव्हा मला वाटलं कलेक्टर वाट चुकला. तू चपला काढून थेट सैपाकघरात आलास, चुलीपुढं पाटावर बसलास आणि म्हणालास, “आक्का, दिंडं केलीस का?” माझ्या डोळ्याला पाणी आलं ते धुरानं नव्हे. पाच दिंडं खाल्लीस. बंगल्यावर तुला उपाशी ठेवतात काय?

तू वाचून दाखवलास तो शिवमूर्तीचा अहवाल मला अजून आठवतो आणि हसू येतं. ‘धामणवाडी येथे बाहेरगावच्या स्त्रिया मोठ्या संख्येने जमत असून उद्देश अज्ञात आहे.’ अरे देवा. हदगावपासून निलंग्यापर्यंत दिलेल्या पोरी पंचमीला माहेरी आल्या, झाडाला झोका बांधला, मेंदी काढली, नवऱ्यांची उणीदुणी काढली. उद्देश अज्ञात! तो शिवमूर्ती आदल्या दिवशी हे लिहून पाठवतो आणि पंचमीला आपल्याच अंगणात दिंडं खाऊन जातो. तूही हसलास, अगदी पूर्वीसारखा, मान मागं टाकून.

किती दिवसांनी तू मला विचारलंस, “आक्का, गावात काय बोलतात गं? बाया काय म्हणतात?” पूर्वी असंच विचारायचास. पहिल्या निवडणुकीला तर रोज विचारायचास आणि मी रोज सांगायची, कुठल्या गल्लीत कोण रुसलंय, कुणाच्या घरी जाऊन चहा घ्यायचा. पोलिसांचे अहवाल नव्हते तेव्हा तुझं काय अडलं होतं?

पण ते घागरीचं मी सांगितलं ते पोटातच ठेव. पारूच्या घरी बसून ठरलंय ते, आडावर कुणी चकार शब्द काढलेला नाही. पंधरा ऑगस्टला तू पोलीस चौकीचं उद्घाटन करायला उभा राहिलास की बायांनी पुढं येऊन रिकाम्या घागरी पालथ्या घालून बसायचं. घोषणा नाही, शिव्या नाही. पारू म्हणाली, “वेंकूसायबाला बोलून कळना, तर बसून बघू.” हे मी तिच्या आवाजात करून दाखवलं तेव्हा तुला ठसका लागला, मी पाणी दिलं. पारूला कळलं की मी हे तुझ्यापाशी बोलले तर माझ्या झिंज्या उपटेल. मी तुला सांगितलं ते एवढ्यासाठी, की तू आधीच शहाणा हो. गावानं विहीर मागितली होती, तू चौकी आणलीस. निदान त्या दिवशी दोन टँकर जास्तीचे पाठव आणि वेळ जाहीर कर. बाया घागरी भरून घरी जातील. कोण येतंय मग पालथ्या घालायला?

आणि सूतगिरणीचं बघ. आपल्या गावचा टँकर तुझ्या सूतगिरणीच्या बांधकामावर रिकामा होताना तलावावरच्या बायांनी डोळ्यांनी पाहिलाय. तुला ठाऊक नसेल असं मी सगळ्यांना सांगितलंय. ठाऊक नाही ना?

जाताना बोळवणीचं धान्य विसरलास. पुढच्या वेळी ने.

तुझी आक्का

•

धामणवाडी
१३ ऑगस्ट

व्यंकट,

काल सकाळी पारूला धरून नेलं.

तलावावर टोळीला कामाला लावून राहिली होती. दोन जीपा आल्या. फौजदारानं सगळ्यांसमोर विचारलं, “वेंकूसायबाला बसून दाखवणारी तूच का?” हेच शब्द, व्यंकट. ‘बोलून कळना, तर बसून बघू.’ तेही म्हणून दाखवलं त्यानं. चाळ्यांसकट.

मी पंचमीला चुलीपुढं जे बोलले ते काल फौजदाराच्या तोंडी होतं. तू जेवलास, हात धुतलास, माझ्या पाया पडलास आणि लातूरला जाऊन हे केलंस.

मी आधी शिवमूर्तीकडे गेले. म्हटलं यानंच कळवलं असेल, त्याला लिंबाखालून उठवते. तो बिचारा उभाच राहिला. म्हणाला, “आक्का, तुमच्या गळ्याची आण, मला घागरीचं ठाऊकच न्हाई. मला वरून झापलं, की तू तिथं बसून काय करतोस, आमाला दुसरीकडून कळलं.” तोंड पाडून बसला होता. तुझ्या पगारी माणसाला जे मिळालं नाही ते मी तुला पाटावर वाढून दिलं.

आता मला कळतं तू का आलास. ‘बाहेरगावच्या स्त्रिया, उद्देश अज्ञात.’ त्याचा उद्देश काढायला आलास. आणि मी येडी दिंडं वाढत होते.

तालुक्याच्या ठाण्यात ठेवलंय तिला. तहसीलदारापुढं उभं करून म्हणाले, चांगल्या वागणुकीची हमी लिहून दे. ती म्हणाली, वाईट काय वागले ते आधी लिवा. तर म्हणाले, ते गोपनीय आहे. म्हणून आत ठेवली. दगडोबा सांगून गेला की पंधरा तारीख झाली की औरंगाबादच्या तुरुंगात हलवणार आहेत. त्याला दम्याचा आजार, तो इथून एवढ्या लांब कसा जाईल? त्यानं मला काही विचारलं नाही. त्याला अजून माहीत नाही कुणी सांगितलं ते. मी त्याच्यासमोर मान वर करू शकले नाही.

तुझ्या बंगल्यावर फोन लावायला देवणीच्या पोस्टात गेले. गुरुपादप्पा म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. कसली बैठक? तर म्हणे, ते सांगता येत नाही. माझ्या भावाची बैठक कसली ते मला सांगता येत नाही, आणि मी काय बोलते ते मात्र फौजदाराला पाठ आहे.

एक फोन कर. एवढंच मागते. पारूला सोड. पंधरा ऑगस्टच्या आत सोड.

सिंधु

•

तालुक्याचं ठाणं, व्हरांडा
१६ ऑगस्ट

व्यंकट,

हे ठाण्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद हवालदारानं दिला. कुणाला लिहिता म्हणाला, मी तुझं नाव सांगितलं, तर त्यानं पेनही दिलं.

पारूला सोडलं नाहीस. काल बायांपैकी कुणी आलं नाही. कशाला येतील? धरपकड झाल्यावर घरोघर दारं लावून बसल्या. मांडवात तुझे कार्यकर्ते, शाळेची पोरं आणि बंदोबस्ताचे शिपाई. मी सैपाकघरातली तांब्याची घागर घेतली आणि आले. शिपायांनी अडवलं नाही. “सायबाच्या आक्का हाईत, वाट द्या.” त्यांना वाटलं स्वागताला आले. ते परगावचे, त्यांना काय म्हणू? पण तू? विधवा बाई घागर घेऊन कुणाच्या स्वागताला कधी उभी राहिलीय आपल्या गावात? मांडवातल्या शाळेच्या पोरांच्याही ते ध्यानात आलं असेल. तुझ्या आलं नाही.

मी खाली बसणार होते. घागर पालथी घालून, एकटीच. तू माईकमधून बोलावलंस. “आमच्या आक्का भरली घागर घेऊन आल्यात, आज जिल्ह्याचाही वाढदिवस आहे, हा शुभशकुन आहे.” दोघांनी हाताला धरून मला वर चढवलं. आणि तू खिशात हात घातलास, एक रुपया काढलास आणि स्वागताच्या भरल्या घागरीत पैसा टाकताना लहानपणापासून पाहत आलास तसा घागरीत टाकलास.

तळाला जाऊन वाजला तो. माईक शेजारीच होता, भोंगे पार बौद्धवाड्यापर्यंत बांधलेले. पाण्यात पडलेल्या पैशाचा आवाज आणि कोरड्या तांब्यावर पडलेल्या पैशाचा आवाज, गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. बाया घरात बसून ऐकत होत्या, मला नंतर सांगितलं, दाराआडून हसल्या. तू घागरीत वाकून बघितलंस, जणू खोटं वाटतंय. मग मला खाली उतरवलंस आणि ‘विरोधकांचा डाव’ म्हणून बोलायला लागलास. मी विरोधक? बापूंच्या लेकीला विरोधक म्हणालास, तेही भोंग्यातून.

संध्याकाळी तुझा माणूस जीप घेऊन आला. साहेबांनी सांगितलंय, आक्कांनी तब्येत जपावी. जपते.

आज पहिल्या एस.टी.नं इथं आले. फौजदाराला म्हटलं, घागर घेऊन उभी राहिले ती मी, सगळ्या मांडवानं बघितली. जी ठाण्यात बसलीय ती तर तिथं नव्हतीच. एक तर मला आत घाल, न्हाई तर तिला बाहेर काढ. तो म्हणाला, “आक्का, तुमचं नाव लिहिता येत न्हाई.” मी म्हटलं, का? तर म्हणे, वरून सूचना आहे. म्हटलं, ती कागदावर दाखव. तर गोपनीय. व्यंकट, या एका शब्दानं तुम्ही माझं डोकं उठवलंय.

मी उठणार नाही. त्यानं तीन वेळा चहा मागवला, मी घेतला नाही. आत्ता आत जाऊन लातूरला फोन लावून राहिलाय, दार ओढून घेतलंय. माझ्या तब्येतीचं सांगत असेल तर सांग त्याला, बरी आहे म्हणावं.

सिंधु

•

धामणवाडी
१९ ऑगस्ट, राखी पुनव

व्यंकट,

पारू सुटली. तू फोन केलास की फौजदारच बेजार झाला, मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तिला बाहेर आणलं, अंगठा घेतला नाही, सही घेतली नाही. जा म्हणाले. पायाला सूज होती. मी तिचं गाठोडं घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही.

एस.टी.त जागा शेजारी-शेजारी मिळाली. फाट्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. ही पारू, जी झोपेत बोलते. मी सगळं सांगितलं. पंचमी, दिंडं, तुझं हसणं, मी केलेली तिची नक्कल. काही लपवलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

फाट्यावर उतरलो तेव्हा म्हणाली, “सिंधु, तू वाईट न्हाईस. तुज्या भावाला मीच पाठीवर घेऊन पळाले, तवा मला तरी काय ठावं. पण तुज्या तोंडातून गेलेलं कुठं जाऊन पोचतं, ते आता समद्या गावाला कळलं.” आणि बौद्धवाड्याच्या वाटेला लागली. मला वाटलं भांडेल. झिंज्या उपटेल. मी तयार होते. भांडली असती तर बरं झालं असतं रे.

टँकर आता रोज येतो, सकाळी, वेळेवर. वेळही चावडीवर लिहून लावली आहे. त्या रुपयानं एवढं तरी झालं. तुला चांगलं म्हणायचं असेल तर याबद्दल म्हणते.

राखी पाठवली नाही. रागानं नव्हे, राग तर आहेच. सकाळी राखी आणायची होती, त्याआधी पाणी भरून ठेवावं म्हणून घागर घेऊन आडावर गेले. दहा-बारा बाया होत्या, हसणं-बोलणं चाललं होतं, लांबून ऐकू येत होतं. मी जवळ गेले आणि सगळ्या गप झाल्या. एकीनं दोर सोडला, एकीनं पदर नीट केला, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी म्हटलं, कशाचं चाललंय? तर म्हणाल्या, कशाचं न्हाई आक्का, पाण्याचं. माझी घागर त्यांनी आधी भरून दिली, मान ठेवला. मला लवकर वाटेला लावायचं होतं.

थोडं पुढं गेले आणि मागं पुन्हा बोलणं सुरू झालं. मी वळून बघितलं. तुझा शिवमूर्ती तिथंच लिंबाखाली बसला होता, पायात तेच बूट. त्याच्यासमोर बोलत होत्या त्या. त्याला हसून काहीतरी विचारलंसुद्धा.

तर आता त्याला परत बोलावून घे. उगाच सरकारचा पगार जातो. धामणवाडीला तुझं माणूस म्हणून सगळे मला ओळखतात. एका गावाला दोघं कशाला?

सिंधु